माळ्यावर झोपणार कोण?

माळ्यावर टेप ताणून उभ्या असलेल्या इंजिनिअरने सहज विचारलं, "ताई, या खोलीत झोपणार कोण?" भाऊ म्हणाला, पाहुणे. वहिनी म्हणाली, मुलांचा अभ्यास होईल, झोपायचं नंतर बघू. पुतण्या म्हणाला, मीच, अजून कोण? आणि खाली शिडीच्या तोंडाशी बसलेल्या मायने तिथूनच सांगितलं, "पोरी येतीन ना आखाजीले." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, लेकी माहेरी येतात तो सण. इंजिनिअरने सगळ्यांकडे बघून मान हलवली, वहीत काहीतरी टिपलं आणि पुढचं माप घ्यायला लागला. त्याच्या दृष्टीने तो कामाचा प्रश्न होता. झोपायची खोली म्हटली की पंखा कुठे, खिडकी किती, संडास किती लांब, हे ठरवावं लागतं. मी मात्र संध्याकाळी जळगावला परतताना बसमध्ये तोच प्रश्न घेऊन बसले होते. माळ्याची राहती खोली करायच्या खर्चाचा कागद माझ्या मांडीवर होता. तो मीच करावा असा भावाचा आग्रह होता, कारण घरात आकड्यांचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी उत्तरं, आणि प्रत्येक उत्तराला वेगळा खर्च.

आमचं घर अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठच्या एका गावात. सागाचे खांब, सागाच्या तुळया, वर कडीपाट आणि त्यावर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खान्देशात ज्यांची लहानपणं धाब्याच्या घरात गेली त्यांना वेगळं काही सांगायला नको. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी पांढरी माती चढायची, चोपून बसवली जायची, तरी श्रावणात कुठून तरी धार लागायचीच आणि रात्री अंथरुणं सरकवत पातेली मांडावी लागायची. मी शाळेत असताना नानांनी, म्हणजे वडिलांनी, कंटाळून धाब्यावर लाकडी कैच्या, छपराचे तिकोनी सांगाडे, उभ्या केल्या आणि वर पत्रे ठोकले. गळती थांबली. धाबं आणि पत्रा यांच्यामध्ये जी जागा उरली तिला आम्ही माळा म्हणायला लागलो. मधोमध आढ्याखाली 9 फूट, कडेला जेमतेम 4 फूट. पोरांनी धावावं, मोठ्यांनी वाकून चालावं, अशी.

पत्रे आले आणि आमची रात्रीची झोपायची जागा गेली, हे तेव्हा कुणी बोललं नाही.

उन्हाळ्यात सगळं घर धाब्यावर झोपायचं. दिवस कलला की कळशीभर पाणी शिंपडायचं, तापलेल्या मातीतून आधी गरम वाफ यायची, मग तो ओला वास. गोधड्या टाकायच्या आणि तासाभराने त्या पाठीला गार लागायच्या. आखाजीच्या दिवसांत तर वर पाय ठेवायला जागा नसायची. फुई म्हणजे आमच्या आत्या यायच्या, त्यांच्या पोरी यायच्या, गल्लीतल्या घराघरातल्या माहेरवाशिणी आपापल्या धाब्यांवर, आणि या धाब्यावरून त्या धाब्यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं चालायचं. नवऱ्याच्या गावात जे कुणाला सांगता येत नाही ते अंधारात, आडवं पडून, वर बघत सांगितलं जायचं. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. मोठी फुई एकदा रडत होती आणि धाकटी तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत होती, एवढं आठवतं. कशासाठी रडत होती ते कळलं नाही, नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

पत्रे आल्यावर माळ्यावर कापूस गेला. तेही बरोबरच होतं. खरेदी केंद्र सुरू होईपर्यंत, नंतरच्या काळात भाव वाढेपर्यंत, कापूस कोरडा राहिला पाहिजे. घरातली सगळ्यांत कोरडी जागा तीच. दिवाळीनंतर माळा पांढरा व्हायचा, आम्ही कैचीवरून त्यात उड्या मारायचो आणि मग रात्रभर अंग खाजवत बसायचो. माय कंदील वर नेऊ द्यायची नाही, बिडी ओढणाऱ्या गड्याला शिडीला हात लावू द्यायची नाही. माझी कॉलेजची फी त्या ढिगातून निघाली, धाकटीचं लग्न त्यातून झालं. तेव्हा कापसाला चांगली जागा मिळाली याची तक्रार मी कोणत्या तोंडाने करणार? पण आखाजीला आलेल्या फुई मग माजघरातून स्वयंपाकघरात जायच्या वाटेवर झोपायला लागल्या, पहाटे चुलीसाठी उठणाऱ्या बाईचा पाय त्यांच्या अंथरुणावर पडायचा, हेही खरं. आता मी आणि धाकटी तिथेच झोपतो. ती सुरतेहून येते, उधन्याला राहते, दोन खोल्यांच्या घरातून येते आणि माहेरी येऊन वाटेत झोपते.

आता कागदाकडे येते. भावाने गावातल्या ठेकेदाराकडून जो पहिला अंदाज आणला होता तो 6 लाख 80 हजारांचा. पत्रे काढून उंच करणं आणि फॅब्रिकेशन 2 लाख 40 हजार, जिना 65, टाइल्स 70, पीओपीचं सीलिंग 55, लाइट फिटिंग 40, रंग 35, वरच संडास-बाथरूम 1 लाख 10, एसी 45 आणि किरकोळ 20. कागद नीटनेटका होता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि मला त्यात उन्हाचा एक रुपयाही दिसला नाही. आखाजी येते एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत कधीही. म्हणजे ज्या आठवड्यात त्या खोलीची खरी गरज, त्याच आठवड्यात जळगाव-भुसावळचा पारा 43-44 च्या वर, आणि डोक्यावर पत्रा. त्या पत्र्याला दुपारी हात लावून बघा. पीओपीने तो उकाडा अडत नाही, फक्त झाकला जातो. एसी लावला तर तो भट्टीत लावल्यासारखा चालणार, आणि आमच्या गावची दुपारची लाइट ज्यांना माहीत आहे त्यांना तो किती चालेल हेही माहीत आहे.

म्हणून मी त्या इंजिनिअरला पुन्हा बोलावलं. शांत मुलगा, पण विचारलं की भरभरून सांगतो. त्याने आधी उंची सांगितली. राहत्या खोलीची उंची 2.75 मीटर लागते, उतरत्या छपराखाली ती सरासरीने धरतात. आमची 9 आणि 4 फुटांची सरासरी साडेसहा फूट, म्हणजे 2 मीटरच्या आत-बाहेर. नियमाच्या भाषेत ही सामान ठेवायची जागा झाली. छप्पर 3 फूट वर नेलं तर सरासरी साडेनऊ फूट होते आणि खोली खोली होते. पण जुन्या भिंती मातीत बांधलेल्या विटांच्या. त्यांच्यावर आणखी भिंत चढवायची नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. लोखंडी खांब थेट जमिनीपासून, स्वतःच्या पायावर उभे करायचे आणि छप्पर त्यांच्यावर पेलायचं. म्हणून तो 2 लाख 40 हजारांचा आकडा. त्यात कात्री लावायला जागा नव्हती आणि मी लावलीही नाही.

मग वजन. हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडला, कारण त्यात घराचा सगळा इतिहास तोलून निघाला. खोली 18 बाय 12 फुटांची, म्हणजे 20 चौरस मीटर. राहत्या खोलीत माणसं, पलंग, कपाट यांच्यासाठी चौरस मीटरला 200 किलो धरायचे, म्हणजे 4 टन. हे ऐकून भाऊ घाबरला. मग त्या मुलाने धाब्याच्या मातीत सळई खुपसली. दरवर्षीचे थर चढत चढत माती वीतभर झाली होती. तिचं वजन त्याने मांडलं तर 7 टनांच्या पुढे गेलं. इतकी वर्षं आमच्या डोक्यावर ते होतं आणि त्याच्या वर पुन्हा कापूस. सागाच्या तुळयांनी ब्र काढला नव्हता. सुताराने सगळ्या तुळया वाजवून पाहिल्या, भिंतीत घुसलेली टोकं पेचकसाने टोचली, कारण लाकूड कुजतं ते तिथून. एका टोकाला उधई निघाली, बाकी सगळं ठणठणीत. "लाकूड पक्कं शे, भाऊ," एवढंच तो म्हणाला आणि तुळईवर हात फिरवत राहिला. आजकाल असा साग त्याच्या हाताखाली कितीसा येत असेल?

तर माती काढायची. तुळया हलक्या होतील, उंची मिळेल. सगळं जुळत होतं आणि तेवढ्यात माय म्हणाली, माती काढाल तर माझ्या माजघराचं काय? मेमध्ये आख्ख्या गावात बसण्यासारखी जागा म्हणजे आमचं माजघर. भर दुपारी बाहेरून आत आलं की अंगावरची लाही पायरीशीच उतरते. ती गारवा देणारी गोष्ट म्हणजे जाड भिंती आणि वरची ही वीतभर माती. वरची खोली करायची म्हणून खालची तापवायची, आणि खालच्या खोलीत दिवसभर असते कोण, तर माय. तिला गुडघ्यांमुळे वर जाता येणार नाही. म्हणजे ज्या खोलीत ती कधी बसणार नाही तिच्यासाठी तिने आपला गारवा द्यायचा. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. मला स्वतःला मायचं बरोबर वाटत होतं आणि खोलीही हवी होती. तोडगा त्या मुलानेच काढला. चार बोटं माती राहू द्यायची, वरचे थर उतरवायचे, आणि नव्या लोखंडी खांबांनाच आडवे गर्डर जोडून त्यावर सिमेंट बोर्डाची जमीन टाकायची. म्हणजे वरच्या खोलीचं ओझं जुन्या तुळयांवर येणारच नाही. खालच्या मातीच्या आणि वरच्या जमिनीच्या मध्ये जी पोकळी राहील तीही ऊन अडवेल. खर्च वाढला. पण मायच्या चेहऱ्यावरचं जे उतरलं ते मला पैशांत मांडता येत नाही.

जिन्याचं गणित माणसं उगाच सोपं समजतात. सध्या शिडी आहे, तीही उभी. ठेकेदाराने 65 हजारांत गोल लोखंडी जिना धरला होता, कारण तो जागा खात नाही. पण कडेवर मूल घेऊन, रात्री, साडी नेसून गोल जिना चढणं काय असतं हे अंदाजपत्रक लिहिणाऱ्याला कधी करावं लागलं नसेल. घरातल्या जिन्याची पायरी साडेसात इंचांपेक्षा उंच नको आणि पाय ठेवायला 10 इंच तरी हवेत. आम्ही उंची 7 इंच धरली. 9 फूट चढायला 16 पायऱ्या, म्हणजे सरळ जिन्याला साडेबारा फूट लांबी आणि 3 फूट रुंदी. हे सदतीस-अडतीस चौरस फूट खालच्या घरातून जातात. ते कुठून जाणार? ओसरीच्या त्या कडेने, जिथे नानांची खाट होती. नाना जाऊन वर्षं झाली, खाट तिथेच आहे, तिच्यावर आता बियाण्याची पोती असतात. भाऊ बराच वेळ त्या खाटेकडे बघत होता. मग स्वतःच म्हणाला, "ताई, जिना इथूनच घेऊ. नाना असते तर त्यांनीच सांगितलं असतं." मला तसं वाटत नाही. नानांनी कापूस कुठे ठेवायचा हे आधी विचारलं असतं. पण मी हो म्हटलं.

मग मी कागद नव्याने केला. पीओपी आणि एसी काढले. टाइल्सऐवजी साधी जमीन, 40 हजारांत. वाचलेल्या पैशांत पत्र्याखाली रॉकवूल, म्हणजे ऊन अडवणारी खनिज लोकर, आणि चकाकणारी फॉइल, मध्ये हवेची पोकळी आणि खाली सिमेंट बोर्डाचं छत, 90 हजार. पत्र्याला वरून पांढरा रंग, तो आधीच्या रंगकामातच बसवला. आढ्याजवळ दोन्ही टोकांना जाळीचे झरोके, कारण गरम हवा वर जाते आणि तिला वाट दिली नाही तर ती तिथेच बसते. थर्माकोल स्वस्तात होता, पण तो पेटतो, आणि आमच्या घरात माळा आणि आग हे शब्द एकत्र उच्चारायची सवय नाही. पत्र्याची एक गोष्ट चांगली आहे: स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो, पत्रा दिवस मावळल्यावर लवकर निवतो. झरोके आणि समोरासमोरच्या खिडक्या असतील तर रात्री नऊनंतर तिथे पंख्यावर झोप लागेल, असा त्या मुलाचा भरवसा आहे. संडास वर नेला नाही. वर टाकी, पाणी, फरशी यांचं ओझं, आणि खाली जिन्याच्या तोंडाशीच केला तर मायलाही रात्री अंगणात जावं लागणार नाही. तिथे 35 हजार वाचले, तर जिन्याने आणि जमिनीखालच्या गर्डरनी तेवढे खाल्ले. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 टक्क्यांवर आला त्याचा थोडा हातभार. शेवटी 15 टक्के हाताशी राखून ठेवले, कारण जुन्या घराची एक वीट काढली की आतून दुसरंच काहीतरी निघतं. बेरीज 7 लाख 35 हजारांच्या घरात गेली.

भावाची तयारी साडेसहापर्यंत होती. पाच कर्जाचे, बाकी कापसाचे.

कर्जासाठी बँकेने कागद मागितले तेव्हा सगळी फाइल माझ्यासमोर आली. ड्रोनने गावठाण मोजायची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 ला सुरू झाली, तिच्यातून आमच्या गावातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळाल्या. आमच्या घरावर भावाचं नाव. त्याच फाइलमध्ये ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्याखाली आमचं हक्कसोडपत्र होतं, माझी आणि धाकटीची सही असलेलं. मुलींना बरोबरीचा हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे, आम्ही सह्या केल्या त्या त्यानंतर. आम्हाला कायदा ठाऊक होता. कुणी जोर केला नव्हता. निबंधकांच्या कचेरीबाहेर भावाने उसाचा रस पाजला आणि आम्ही हसत घरी आलो. गल्लीतल्या सगळ्या पोरी तसंच करत आल्या, आखाजीला यायची वाट मोकळी राहावी म्हणून. मला त्या सहीचं दुःख नाही. पण ज्या घराच्या वाशांचा, मातीचा, पायऱ्यांचा हिशोब मी रात्र रात्र मांडत होते त्याच घरातून माझं नाव मी स्वतः काढलेलं आहे, हे त्या फाइलमध्ये एकाच वेळी दोन्ही हातांत आलं, आणि मी फाइल मिटून थोडा वेळ गप्प बसले.

कमी पडणारे पैसे मी आणि धाकटीने द्यायचे ठरवलं. फोनवर दोन मिनिटांत ठरलं. घरी सांगितलं तेव्हा माय संतापली. "अंडेरना पैसा घरले लावतस का कधी?" तिच्या लेखी लेकीकडून घेणं म्हणजे देवाच्या घरून उसनं आणणं. भाऊही कानकोंडा झाला. म्हणाला, तुम्ही येता-जाता त्यासाठी खोली, आणि तिचे पैसे तुमच्याकडूनच? वहिनीने मात्र बोलणं सोडवलं. तिला स्वतःला दोन बहिणी आहेत, माहेरी तीही कुठल्यातरी वाटेवर झोपत असणार. ती म्हणाली, घ्या पैसे, पण ते दोघींच्या नावाने वहीत लिहा, आणि वर लिहा कशासाठी घेतले. भावाने तिथल्या तिथे लिहिलं. त्याचं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे, मोठं आणि उजवीकडे कललेलं. "पत्र्याखालचं छत आणि झरोके, दोन्ही ताईंकडून." आखाजीचे आठ-पंधरा दिवस खोली आमची, एरवी पुतण्याची. इंजिनिअरला तसं कळवलं. त्याने दोन पलंगांऐवजी खाली गाद्या पसरता येतील अशी मोकळी जमीन आणि भिंतीतली कपाटं काढून दिली, कारण माहेरवाशिणी आल्या की त्या दोनच कधी नसतात. मोठी फुई आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. 7 इंचांची पायरी तिला चढता येईल असं धाकटीचं म्हणणं, मला शंका आहे. कठडा दोन्ही बाजूंनी घ्यायला सांगितलं आहे.

छप्पर उघडायचं म्हणजे पावसाळा संपायला हवा, आणि काम आखाजीच्या आत उरकायला हवं. मधले महिने नेमके वेचणीचे. माळा दिवाळीला रिकामा करून द्यायचा तर नवा कापूस कुठे जाणार हा प्रश्न भावाने परवा काढला, आणि तो सगळ्या हिशोबात आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. येईल त्या भावाला वेचल्या वेचल्या विकायचा, तर कापसाचे म्हणून धरलेले दीड लाख डळमळतात. खळ्यात शेड घालायची, तर तिचा वेगळा खर्च. काढलेले जुने पत्रे आणि नानांच्या लाकडी कैच्या तिथे वापरता येतील का, असं मी सुतारालाच विचारलं. तो म्हणाला, कैच्या नक्की चालतील, पत्रे बघावे लागतील. रविवारी तो आणि भाऊ खळ्यावर माप घ्यायला जाणार आहेत. मी जमिनीपासून दोन फूट उंच ओटा धरायला सांगितलं आहे, बोरीच्या बाजूने ओल येते म्हणून.